पिशवी, डिंक आणि रात्र

आतड्याचे तोंड पोटावर आणून ठेवण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास कुणी सांगायला घेतला की तो बहुधा शल्यविशारदांच्या नावांनी भरून जातो. १७१० साली पॅरिसच्या अलेक्सिस लित्रे यांनी गुदद्वाराविना जन्मून दगावलेल्या एका अर्भकाचे शवविच्छेदन केले आणि अशी वाट पोटावर काढता येईल, असे सुचवले. १७७६ मध्ये रुआँ गावच्या पिलोर यांनी ती एका मद्यव्यापाऱ्यावर करून पाहिली. अडलेले आतडे मोकळे व्हावे म्हणून त्या माणसाला आधीच जवळपास किलोभर पारा पाजलेला होता. शस्त्रक्रिया साधली, पण पाऱ्याने आतडे कुजले आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तो गेला. १७९३ साली ब्रेस्टच्या द्युरे यांनी तीन दिवसांच्या बाळावर हीच शस्त्रक्रिया केली आणि ते मूल पुढे पंचेचाळीस वर्षे जगले. वैद्यकाच्या इतिहासात ही पंचेचाळीस वर्षे मानाने नोंदलेली आहेत. त्या वर्षांतल्या रात्री कशा गेल्या, याची नोंद कुणी केलेली नाही. मला वाटते, या शस्त्रक्रियेचा इतिहास तिथूनच वाचायला हवा. पोटावर वाट काढणे शल्यविशारदाला दोनशे वर्षांपूर्वीच जमले होते. त्या वाटेवर लावलेली पिशवी झोपलेल्या माणसाच्या अंगावर सकाळपर्यंत न गळता टिकवणे मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुणालाच धड जमले नाही. आणि ते जमवण्यात शल्यगृहाबाहेरच्या लोकांचा, म्हणजे खुद्द रुग्णांचा, परिचारिकांचा आणि डिंक गोळा करणाऱ्या जंगलातल्या माणसांचा, वाटा फार मोठा आहे.

रात्र हा वेगळा प्रश्न का, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. पोटावरच्या या तोंडाला, म्हणजे स्टोमाला, आवळून धरणारा स्नायू नसतो आणि आता येणार अशी आगाऊ सूचनाही तो देत नाही. दिवसा माणूस उभा असतो, बसलेला असतो. आलेला मळ आपल्या वजनाने पिशवीच्या तळाशी जातो, पिशवी जड झाली की हाताला कळते, आणि ती एक तृतीयांश भरली की रिकामी करून येता येते. रात्री यातले काहीच उरत नाही. आडवे झाल्यावर पातळ मळ तळाशी न जाता स्टोमाभोवतीच साचतो, नेमका त्या चिकटलेल्या कडेपाशी. वायू साठून पिशवी फुगते आणि तिचा ताण त्याच कडेवर येतो. माणूस कुशीवर वळला की पोटाची कातडी दुमडते आणि पिशवी कातडीला धरून ठेवणाऱ्या चकतीची एक बाजू उचलली जाते. मोठ्या आतड्याच्या डाव्या टोकाला काढलेल्या स्टोमात मळ बऱ्यापैकी बांधलेला असतो, तिथे हे कसेबसे निभावते. लहान आतड्याच्या शेवटाला काढलेल्या स्टोमाची, इलिओस्टोमीची, गोष्ट वेगळी. तिथून दिवसरात्र पातळ द्रव येत राहतो, साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक, आणि त्यात पाचक रस असतात. ते अन्न पचवतात तशी कातडीही पचवतात. एका रात्रीच्या गळतीने कातडी सोलवटते, सोलवटलेली कातडी ओलसर राहते, ओलसर कातडीवर पुढची पिशवी नीट चिकटत नाही, आणि दुसऱ्या रात्री गळती आणखी लवकर होते. या फेऱ्यात सापडलेला माणूस कर्करोगातून किंवा आतड्याच्या जुनाट दाहातून वाचलेला असतो, पण झोपेला पारखा झालेला असतो.

अठराव्या शतकाच्या अखेरच्या एका फ्रेंच रुग्णाचा उल्लेख या संदर्भात नेहमी येतो. गाडीत गहू भरताना खुंटावर पडून हा शेतकरी जखमी झाला. १७९५ मध्ये डागेसो यांनी त्याच्या जांघेपाशी आतड्याचे तोंड काढून दिले. तो एक्याऐंशी वर्षांचा होईपर्यंत जगला आणि मळ गोळा करायला दोरीने तोंड आवळता येणारी छोटी चामड्याची पिशवी वापरत राहिला. नोंद सापडणारी अशा प्रकारची ही अगदी आरंभीची पिशवी. इतक्या लवकर वापरात आलेली ही वस्तू पुढची सव्वाशे वर्षे फारशी सुधारली नाही, याचे नवल वाटते. एकोणिसाव्या शतकात पट्टे आले, पट्ट्याला अडकवलेल्या वाट्या आल्या, कापसाच्या नि चिंध्यांच्या गाद्या आल्या. या साऱ्यांची रीत एकच होती, स्टोमावर काहीतरी घट्ट दाबून धरायचे. उभ्या माणसाला ते थोडे चालते. झोपलेल्याचे पोट सपाट होते, पट्टा सैल पडतो आणि वाटी घसरते.

त्या शतकाने रुग्णाच्या झोपेकडे किती लक्ष दिले, याचा सर्वांत बोलका पुरावा शस्त्रक्रियेच्या जागेतच आहे. १८३८ मध्ये ब्रुसे हे नामवंत फ्रेंच वैद्य गुदाशयाच्या कर्करोगाने आतडे अडून मरण पावले. त्यांचा मृत्यू पाहिलेल्या आमुसा यांनी तोवरच्या एकोणतीस शस्त्रक्रियांची छाननी केली आणि उदरपोकळीचे अस्तर उघडल्यानेच बहुतेक रुग्ण दगावतात, असा निष्कर्ष काढला. म्हणून १८३९ मध्ये त्यांनी पाठीमागून, कमरेच्या बाजूने, ते अस्तर न फोडता आतड्यापर्यंत पोचण्याची पद्धत मांडली. निर्जंतुकीकरणाआधीच्या काळात हा विचार अगदी रास्त होता, त्याने जीव वाचले, आणि पुढची चाळीसएक वर्षे पुष्कळ शल्यविशारदांनी हीच जागा पसंत केली. पण ती जागा जरा डोळ्यांपुढे आणावी. स्टोमा कमरेवर, मागच्या बाजूला. रुग्णाला तो दिसत नाही, स्वतःच्या हाताने धड पुसता येत नाही, आणि उताणे निजले की सगळे वजन त्यावरच. जीव आणि झोप यांत निवड करायची तर जीवच निवडावा लागतो, त्यात आमुसा यांचा दोष नाही. दोष काढायचा तर नंतरच्या लेखनाचा काढावा लागेल. लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीनंतर पोटाच्या पुढच्या बाजूने जाणे सुरक्षित झाले आणि १८८० च्या दशकात स्टोमा पुन्हा पुढे आला, हा बदल शल्यतंत्राचा विजय म्हणून नोंदला गेला. आपला स्टोमा आता स्वतःला पाहता येतो, धुता येतो आणि त्यावर भार न देता झोपता येते, ही रुग्णाच्या लेखी त्याहून मोठी गोष्ट होती.

विसाव्या शतकात प्रश्न अधिक कठीण झाला, कारण शल्यविशारद अधिक धीट झाले. १९१३ साली सेंट लुइसच्या जॉन यंग ब्राउन यांनी आतड्याच्या दाहासारख्या विकारांवर इलिओस्टोमीचा उपाय मांडला. रोगग्रस्त मोठ्या आतड्याला विश्रांती मिळाली, पण पोटावर पाचक रसांचा अखंड ओघ सुरू झाला. ही शस्त्रक्रिया अगदी शेवटचा उपाय म्हणूनच होई, आणि ती झालेल्या माणसाला घराबाहेर पडणे तर राहोच, अंथरुणात निवांत पडणेही अवघड जाई. यातून पहिली खरी वाट काढली ती एका रुग्णाने. शिकागोत आल्फ्रेड स्ट्रॉस यांच्याकडे केनिग नावाच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यावर अशी शस्त्रक्रिया झाली होती. त्याने रबराची पिशवी बनवली, आणि ती पट्ट्याने बांधण्याऐवजी रबरी चिकाच्या गोंदाने थेट कातडीला चिकटवली. रुट्झन यांनी तिचे उत्पादन केले आणि १९४० च्या दशकात ती केनिग-रुट्झन पिशवी म्हणून प्रसिद्ध झाली. तिची रीत अशी. पिशवीच्या गोल चकतीला आणि स्टोमाभोवतीच्या कातडीला चिकाचा पातळ थर लावायचा, तो वाळून बोटाला किंचित ओढ लागेपर्यंत थांबायचे, मग दोन्ही थर एकमेकांवर दाबायचे. ते जमले की पिशवी दोनतीन दिवस, कधी त्याहूनही जास्त, हलत नसे. काढताना द्रावक ओतून कड सोडवावी लागे. रबरात वास मुरे, म्हणून दोन पिशव्या आळीपाळीने धुऊन वाळवाव्या लागत. चिकाची आणि द्रावकाची कातडीला आग होई, ती वेगळीच. इतके सगळे असूनही दोरी आणि पट्टा यांच्या जागी चिकटपणा आणण्याची मूळ कल्पना इथे आली, आणि अंथरुणात कूस बदलणाऱ्या माणसासाठी खरा फरक त्याच कल्पनेने पडला.

राहिला प्रश्न कातडीचा. सोललेल्या, ओल्या कातडीला धरून राहील असे काही हवे होते, आणि ते आले आपल्याकडच्या रानातून. विदर्भ, खानदेश, सातपुडा आणि त्यापुढे मध्य प्रदेश-तेलंगणापर्यंतच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर कांडोळाचे झाड उभे असते. उन्हाळ्यात निष्पर्ण झाल्यावर त्याचे पांढुरके, कागदासारखे पापुद्रे सुटणारे खोड चांदण्यात असे दिसते की लोकांनी त्याला भुत्या असेही नाव दिले. त्याच्या सालीला खाच घेतली की डिंक पाझरतो आणि मोठाल्या खड्यांच्या रूपात वाळतो. एप्रिल ते जून या कडक उन्हाच्या दिवसांत मिळतो तो उजळ आणि सर्वांत चांगला. एकदा पाऊस लागला की डिंक काळवंडतो. गोंड, भिल्ल आणि इतर आदिवासी कुटुंबे तो खरवडून आणत, व्यापारी तो निवडून रंगानुसार प्रती लावत, आणि मुंबईहून तो कराया गोंद म्हणून अमेरिका-युरोपला जाई. तिकडे त्याचा वापर रेचकात आणि दातांच्या कवळ्या बसवण्याच्या भुकटीत होत असे. पाण्यात तो विरघळत नाही, सब्जा फुगावा तसा अनेक पटींनी फुगतो आणि त्याचा चिकट लगदा होतो. शिवाय तो किंचित आम्लधर्मी असतो, व्हिनेगरसारखा वास असलेला. क्लीव्हलँड क्लिनिकचे रुपर्ट टर्नबुल यांच्या लक्षात १९५२ मध्ये आले की कवळीच्या भुकटीतला हाच गोंद ओल्या, सोलवटलेल्या कातडीवर भुरभुरला तर ओल शोषून तिथेच धरून बसतो आणि खालची कातडी भरून येऊ देतो. ओल हा आजवर चिकटण्यातला अडथळा होता, आता ओलच चिकटण्याला मदत करू लागली. पुढच्या दशकात या गोंदाच्या तयार कड्या पिशवीवर बसवून विकल्या जाऊ लागल्या. या व्यापाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. मागणी वाढली तसे कुऱ्हाडीचे खोल घाव घालून भराभर डिंक काढला गेला आणि पुष्कळ ठिकाणी कांडोळाची झाडे मेली, विरळ झाली. स्टोमाच्या इतिहासात या झाडांचा आणि ती चढणाऱ्या माणसांचा उल्लेख क्वचितच सापडतो. परदेशातल्या हजारो लोकांची झोप ज्या वस्तूवर काही काळ टिकून होती, तिच्या उगमाला इतिहासात जागा मिळू नये, हे मला अन्यायाचे वाटते.

टर्नबुल यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते ती गोंदाहूनही मोलाची होती. १९५४ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनच्या नॉर्मा गिल त्यांच्याकडे रुग्ण म्हणून आल्या. आतड्याच्या दाहाने वर्षानुवर्षे खंगलेल्या या बाईंवर इलिओस्टोमी झाली. बऱ्या झाल्यावर त्या आपल्या गावच्या दवाखान्यांत इतर स्टोमाधारकांना भेटू लागल्या, पिशवी कशी लावायची, कातडी कशी जपायची हे दाखवू लागल्या. १९५८ मध्ये टर्नबुल यांनी त्यांना आपल्या रुग्णालयात कामावर घेतले. त्यांच्याकडे परिचर्येची पदवी नव्हती, होता तो स्वतःच्या पोटावरचा अनुभव. १९६१ मध्ये तिथे या कामाचे रीतसर शिक्षण सुरू झाले आणि त्यातून स्टोमा परिचर्या ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. डॉक्टर रुग्णाला फेरीच्या वेळी, दिवसाउजेडी पाहतो. पहाटे तीनला चादर बदलावी लागते म्हणजे काय, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते. ते सांगणारे माणूस रुग्णालयाच्या पगारपत्रकावर आले, हा या इतिहासातला मोठा बदल होता.

यावर एक आक्षेप ठामपणे घेता येईल, आणि तो डावलण्याजोगा नाही. इलिओस्टोमीची गळती सर्वांत जास्त कमी केली ती एका शल्यविशारदानेच, बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी. १९५२ पर्यंत आतड्याचे टोक कातडीबाहेर तसेच उघडे ठेवले जाई. त्याच्या बाहेरच्या आवरणाला पाचक रसांनी सूज येई, तोंड आकसे आणि आठवडेच्या आठवडे ते नीट बसत नसे. ब्रुक यांनी ते टोक सदऱ्याच्या बाहीसारखे उलटे दुमडून कातडीला शिवले. आतले मऊ अस्तर बाहेर आले आणि पोटावर दोनअडीच सेंटिमीटर उंचीची छोटी तोटी तयार झाली. द्रव कातडीवर पसरण्याऐवजी थेट पिशवीत पडू लागला. आजही इलिओस्टोमी याच पद्धतीने होते. हे श्रेय निर्विवाद आहे, आणि माझा मुद्दा शल्यविशारदांचे श्रेय काढून घेण्याचा नाहीच. पण ही तोटी आपले काम उत्तम करते ती माणूस उभा असताना. आडवा झाल्यावर द्रव तिच्या बुडाशी परततोच, आणि तिथे भिस्त असते ती चकतीच्या कडेवर. उत्तम शिवलेला स्टोमा आणि वाईट चिकटलेली पिशवी मिळून रात्र निभावत नाही. ब्रुक यांची तोटी आणि टर्नबुल यांनी हेरलेला गोंद एकाच वर्षाचे आहेत, ते एकमेकांवाचून अपुरे होते.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. आजच्या वापरून टाकायच्या पिशवीच्या जन्माची जी कथा सर्वत्र सांगितली जाते, ती रात्रीची नाहीच. डेन्मार्कमधली एलिझे सोरेन्सन ही परिचारिका. तिची बहीण थोरा हिला स्टोमा झाला आणि गळती होईल या धास्तीने तिने बाहेर जाणेच सोडले. एलिझेने १९५४ मध्ये चिकट कडी असलेल्या, वापरून फेकून द्यायच्या प्लास्टिक पिशवीची कल्पना काढली. प्लास्टिकच्या वस्तू बनवणारे ओगे लुई-हान्सन आधी तयार नव्हते, पण त्यांची पत्नी योहान्ने स्वतः परिचारिका होती, तिने ही कल्पना किती गरजेची आहे हे ओळखून त्यांना भरीस घातले. त्यातून १९५७ मध्ये कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली. म्हणजे प्रेरणा चारचौघांत जाण्याची होती, झोपेची नव्हती, असे कुणी म्हणेल. कथा तशी आहे हे मान्य. पण लोकलज्जा बोलून दाखवता येते, अंथरूण खराब होण्याची लाज बोलून दाखवणे त्याहून कठीण असते, आणि ती ऐकायला सहसा एकच माणूस असते. कागदपत्रांत दिवसाच्या भीतीचा उल्लेख जास्त आणि रात्रीचा कमी सापडतो, यावरून रात्रीची भीती कमी होती असे ठरत नाही. शिवाय वस्तूची परीक्षा ती कशासाठी बनवली यापेक्षा ती कुठे हार खाते यावरून होते. दिवसा गळू लागलेली पिशवी हाताने दाबून धरता येते, कुठेतरी आडोशाला जाऊन बदलता येते. झोपेत हे दोन्ही उपाय बंद होतात.

पुढे डिंकाची जागा हळूहळू दुसऱ्या मिश्रणाने घेतली. कराया उष्णतेने मऊ पडतो, पातळ मळात आणि मूत्रात लवकर झिजतो. म्हणून लघवीच्या स्टोमासाठी तो कुचकामीच होता. तोंडातल्या जखमांना लावण्यासाठी स्क्विब कंपनीने पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोजपासून केलेला पदार्थ वापरून स्टोमाभोवतीच्या वड्या बनवल्या, आणि १९७० च्या दशकात त्या रूढ झाल्या. आजच्या बहुतेक चकत्यांच्या मुळाशी हेच रसायन आहे. कोळशाची गाळणी बसवून वायू बाहेर सोडण्याची युक्ती आली, त्याने रात्री पिशवी फुगणे कमी झाले. १९५० मध्ये ब्रिकर यांनी लघवीसाठी आतड्याच्या तुकड्याचा मार्ग रूढ केल्यावर पिशवीला लांब नळी जोडून लघवी खाटेखालच्या मोठ्या पिशवीत सोडण्याची सोय झाली. रात्रीचा प्रश्न स्वतंत्र आहे, याची उघड कबुली म्हणून मी या नळीकडे बोट दाखवीन. स्वीडनचे निल्स कॉक यांनी तर १९६९ मध्ये आतड्याचीच आतली पिशवी करून, आणि पुढे तिला झडप जोडून, बाहेरची पिशवी टाळण्याचा प्रयत्न केला. झडपा सरकत, पुन्हा शस्त्रक्रिया लागत, तरीही लोकांनी ती जोखीम पत्करली. बाहेरच्या पिशवीचा जाच किती होता, ते यावरून कळते.

साहित्य सुधारले तरी ते वापरायचे कसे, हे ज्ञान वेगळेच राहिले. चकतीचे भोक स्टोमाच्या मापाहून फार तर दोनतीन मिलिमीटर मोठे कापावे, रात्रीचे जेवण लवकर आटोपावे, निजताना पिशवी रिकामी करावी, लावण्याआधी कातडी पूर्ण कोरडी करावी, खळगे लेपाने भरून घ्यावेत, चिकटवल्यावर हात ठेवून ऊब द्यावी, जळजळ किंवा खाज सुटली तर सकाळची वाट न पाहता चकती काढून पाहावी. हे नियम कुणा एकाने शोधलेले नाहीत. अमेरिकेत १९५० च्या सुमारास आणि ब्रिटनमध्ये १९५६ पासून स्टोमाधारकांच्या संघटना उभ्या राहिल्या, त्यांच्या बैठकांत, परस्पर भेटींत आणि परिचारिकांच्या वह्यांत ते साठत गेले. मुंबईत १९७० च्या दशकात ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया सुरू झाली, टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमाचा स्वतंत्र विभाग चालू लागला, आणि परगावाहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना पिशवी लावायला तिथे शिकवले जाऊ लागले. आपल्याकडे अडचणी आणखी वेगळ्या. घामाने चकतीची कड सुटते, एकाच खोलीत चारपाच माणसे निजतात, जमिनीवर अंथरूण असते, आणि चकती महाग म्हणून ती झेपेल त्याहून एकदोन दिवस जास्त चालवली जाते. गळती बहुधा त्या वाढीव दिवसांच्या रात्रीच होते. युरोपातल्या पुस्तिकांतला सल्ला इथे तसाच्या तसा लागू पडत नाही, तो इथल्या परिचारिकांनी इथल्या घरांसाठी बदलून घेतला, आणि ते बदल अजून बरेचसे तोंडी आहेत.

गेल्या काही वर्षांत परदेशात चकतीखाली बसणारा एक पातळ संवेदक आला आहे. ओल कडेकडे सरकू लागली की तो फोनवर इशारा देतो, म्हणजे चादरीपर्यंत पोचण्याआधी माणूस उठू शकतो. गळतीच्या धास्तीने अर्धवट जागे राहणाऱ्याला याचा उपयोग आहेच. तरी इशारा मिळाल्यावर करायचे ते तेच आहे, उठून कातडी पुसायची, कोरडी करायची आणि नवी चकती लावायची. त्यासाठी बदलायला दुसरी चकती घरात असावी लागते. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या खेड्यात, जिथे ती जिल्ह्याच्या गावाहून किंवा थेट मुंबईहून मागवावी लागते, तिथे रात्र सुखाची जायला आजही सर्वांत जास्त उणीव भासते ती वेळेवर आणि परवडेल अशा दरात मिळणाऱ्या साध्या चकतीची, आणि ती कशी लावायची हे घरी येऊन दाखवणाऱ्या परिचारिकेची.